कोंबावरची माती

नर्सरीवाल्याने स्ट्रॉबेरीचं एक रोप चिमटीत धरून उपसलं. हातात आली ती नुसती पानं. खालचं सगळं काळं, लिबलिबीत होऊन कुंडीतच राहिलं.

“हे रोप लावलंय की मढं पुरलंय?” त्याने विचारलं. “मधला कोंबच मातीखाली! कुजेल नाहीतर काय होईल? कोणी लावली ही?”

गच्चीत तिघेच होते: तो, जावई आणि सासरे. सासरे पाण्याच्या टाकीकडे निरखून पाहू लागले, जणू ती आजच बसवली होती.

नोकरी सुटल्यापासून जावई इथे रोपं वाढवत होता. ही नीट धरली, तर नर्सरीवाला त्याला कामावर घेणार होता. ज्याला नोकरी टिकवता आली नाही त्याला रोपं काय टिकवता येणार, असं सासऱ्यांचं मत होतं. पण मुलीचा संसार मार्गी लागावा ही तळमळही खरीच होती. म्हणून मागच्या आठवड्यात जावई बाहेर गेल्यावर ते गच्चीत आले. कोंब उघडे टाकून वरच्यावर लावलेली ती रोपं पाहून त्यांना कीव आली. टोमॅटोची रोपं त्यांनी आयुष्यभर पानांपर्यंत पुरली होती, आणि ती तरारली होती. त्यांनी बाह्या सारून एकूण एक रोप उपटलं, खोल लावलं, वरून अंगठ्याने माती दाबली. हे कौशल्य बघायला कोणी नव्हतं, एवढीच तेव्हा खंत वाटली होती.

“मीच लावली,” जावई म्हणाला.

सासऱ्यांनी घसा खाकरला. दोघांनी वळून पाहिलं.

“ऊन फार झालंय,” ते म्हणाले.

“आधी शिका, साहेब,” नर्सरीवाला जावयाला म्हणाला. “हा रोपांचा एक ट्रे ठेवून जातो. ही जगली तर या.”

तो जिना उतरून गेला. आपण रोपं किती खोल लावली होती ते बिचाऱ्या जावयाला आठवत नसेल, अशी सासऱ्यांनी मनाची समजूत घातली.

जावयाने कुंड्या उलट्या केल्या, ताजी माती भरली आणि ट्रे सासऱ्यांपुढे सरकवला.

“बाबा, यातली थोडी तुम्ही लावा.” मग जिन्याकडे एक नजर टाकून तो हळूच म्हणाला, “वरच्यावर हं. कोंब उघडा राहू दे.”

सासऱ्यांनी रोप लावलं. कोंबाला चिकटलेला मातीचा कण करंगळीने काढला. कोंब स्वच्छ झाला, तरी करंगळी फिरतच राहिली.

धुण्याची बादली घेऊन मुलगी वर आली.

“खाली नर्सरीवाले भेटले. सगळी खोल पुरलीस म्हणे! धन्य आहेस तू,” ती नवऱ्याला म्हणाली. जावई मान खाली घालून ढेकळं फोडत राहिला. मुलगी वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्ही तरी लक्ष ठेवा याच्यावर. नाहीतर पुन्हा तेच करून ठेवेल.”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. मुलगी थांबली होती.

“आहे,” ते म्हणाले, “माझं लक्ष आहे.”