विहिरीसमोरचा तुकडा

टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगा संपतात तिथून पुढे, कालव्याला लागून गोदाचं घर होतं. अंगणात विहीर. तिला स्वतःचा झरा असा नव्हताच. मातीच्या कालव्यातून पाणी झिरपायचं आणि विहीर मे महिन्यापर्यंत भरलेली राहायची. त्या पाण्यावर वालाच्या शेंगा, चार केळी आणि गोदाचं म्हातारपण चाललं होतं. एके काळी सगळी आळी इथे पाण्याला यायची, सासवांची उणीदुणी विहिरीच्या काठावर निघायची. नळ आले, तशा बायका यायच्या थांबल्या. नवरा धाकू गेला. मानपाड्याला राहणारा मुलगा हर्षित दर रविवारी फोनवर तिकडे राहायला बोलवायचा. विहिरीत पाणी आहे तोवर येणार नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर.

दिवाळीनंतर कालव्याला काँक्रीटचं अस्तर घालायचं काम सुरू झालं. निम्मं पाणी वाटेतच जमिनीत मुरायचं, शेवटच्या गावांना पोचायचंच नाही. कामावरचा मुकादम मुकुल गोदाकडे पाणी प्यायला यायचा, कधी भाकरीही खायचा. एक दिवस म्हणाला, "आजी, तुमच्या समोरचा तुकडा मातीचाच ठेवतो. विहीर तरी राहील."

गोदाला बरं वाटलं. संध्याकाळी ती कालव्याच्या बांधावर गेली. खेकड्यांची बिळंच बिळं. दरवर्षी पाणी सुटायच्या आधी ती आणि धाकू पेंढा न् चिखल ठासून ती बुजवायची. धाकूमागे तिचे गुडघे वाकेनात, आणि गेल्या हंगामात बांध इथेच फुटला होता.

तेवढ्यात कल्पिताचा फोन आला. गोदाची ही मुलगी कालव्याच्या शेवटच्या गावात दिलेली. तिने यंदा भेंडीचं बियाणं आणलं होतं. सासरे हसत होते म्हणे, तुझ्या माहेरचं पाणी कधी आलंय का इथवर?

सकाळी गोदाने मुकुलला हाक मारली.

"बाला, तो तुकडा सोडू नको."

"आजी, विहीर आटेल तुमची."

"आटू दे. खेकड्यांनी पोखरलाय बांध. माती ठेवलीस तर पुन्ना फुटंल, न् पोरीचं शेत कोरडंच राहील."

दुपारी तिच्या दारासमोर काँक्रीट पडलं.

जानेवारीत पाणी सुटलं. पूर्वी ते रेंगाळत यायचं, काठाची माती ओली करत. आता सरळ धावत गेलं. शिमग्याला गोदाची बादली विहिरीच्या तळाच्या दगडावर वाजली.

हर्षित टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतंच. निरोपाला कल्पिताने यावं असं गोदाला वाटत होतं, पण भेंडी तोडणीला आली होती, तिला जमलं नाही. यंदा सासरे स्वतः टोपल्या उचलतात, एवढं मात्र तिने फोनवर हसत सांगितलं.

टेम्पो कालव्याच्या कडेने निघाला. पाणी भरून चाललं होतं, टेम्पोच्या उलट्या दिशेने, पोरीच्या गावाकडे. रस्ता वळेपर्यंत गोदा मागे बघत राहिली.