पहिल्या मजल्यावरच्या सहा खोल्या

"तो जुना चौक एकदाचा पाडून तरी टाका, नाहीतर मला पाडा!" गाडीची किल्ली टेबलावर आपटत वडील म्हणाले. "पाऊण तास गाडी लावायला जागा शोधत होतो. शहराच्या घशात अडकलेला काटा झालाय तो चौक!"

हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत, किती वेळा उच्चारलं गेलं असेल! जुना बाजार, जुने जिने, अरुंद बोळ यांच्या नावाने बोटं मोडत आपण जेवायला बसतो आणि हात धुतले की विसरून जातो. या घरात मात्र ते विसरलं जात नसे. कारण घरातली थोरली मुलगी स्थापत्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिचा अख्खा प्रकल्पच त्या चौकावर होता.

सदा खांद्यावरच्या पिशवीतून फूटपट्टी डोकावत असल्यामुळे कॉलेजात तिला सगळे 'पट्टी' म्हणत.

"बाबा, काटा नाही हो, कणा आहे तो शहराचा!" ती उसळून म्हणाली. "दगडी कमानी बघा, लोखंडी सज्जे बघा. असं काम आता कोण करतं? आम्ही तो चौक पुन्हा उभा करणार आहोत. मग तुम्हीच मित्रांना घेऊन तिथे मिरवाल."

"मिरवू हं. पण गाडी कुठे लावू ते आधी सांग," वडील म्हणाले आणि आईला हसू फुटलं.

मुलगी मनापासून बोलत होती. तिच्या हेतूत खोट नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडलं, ते वाईट माणसांच्या हातून घडलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

त्या वर्षी नगरपालिकेने आणि कॉलेजने मिळून एक योजना आखली होती. विद्यार्थ्यांच्या गटांनी चौकातल्या एकेका इमारतीची पाहणी करायची, आराखडे करायचे आणि ज्या गटाचा आराखडा सर्वांत चांगला ठरेल, त्यावरून पहिल्या टप्प्याचं काम सुरू व्हायचं. पट्टीच्या गटाला कोपऱ्यावरची दुमजली दगडी इमारत मिळाली. गटात चौघं होती. त्यांतल्या ज्याची जीभ सर्वांत सैल, त्याचं नाव पडलं होतं 'वक्ता'.

चौघांनी इमारत इंच इंच मोजली. कमानीची रुंदी, पायऱ्यांची झीज, भिंतीतली ओल, काही म्हणता काही सोडलं नाही. तळमजल्यावर दुकानं होती, त्यात एक पुस्तकबांधणीचं. पहिल्या मजल्यावर लांब सज्जा आणि सहा खोल्या. सहाही दारं बंद. पट्टीने एकेका दारावर टकटक केली, क्षणभर थांबली आणि पुढे सरकली. दुपारचे बारा वाजले होते. वक्ता जिन्यातून ओरडत होता, "आटप लवकर! ऊन डोक्यावर आहे तोवर फोटो काढायचेत."

पाहणीच्या फॉर्मवर तीन चौकोन होते : 'वापरात', 'रिकामे' आणि 'माहिती नाही'. खाली एक ओळ होती, 'भेटींची संख्या'.

"सहाच्या सहा 'माहिती नाही' लिहिलं तर सर म्हणतील, मग गेला होतात कशाला?" वक्ता म्हणाला.

पट्टी थोडी घुटमळली. मग तिने सहा खोल्यांपुढे 'रिकामे' अशी खूण केली. भेटींच्या ओळीत लिहिलं, तीन.

भेट एकच झाली होती.

पुढचे तीन महिने ती त्या इमारतीवर राबली. इमारतीत मात्र तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. कागदावर पहिला मजला कसा उजळून निघाला होता! सहा खोल्यांच्या मधल्या भिंती काढून एक लांबलचक चित्रदालन, सज्ज्यात कॉफीची टेबलं, कुंड्या, आणि टेबलांशी बसलेली हसरी, सडपातळ माणसं. आराखडा पहिला आला. सरांनी सगळ्या वर्गासमोर पाठ थोपटली. नगरपालिकेने लगेच पाहणीचे कागद मागवून घेतले. त्यालाही दोन महिने झाले. आता फक्त अंतिम अहवाल बांधून समारंभात द्यायचा उरला होता.

आदल्या दिवशी दुपारी पट्टी छापलेली पानं घेऊन बांधणीसाठी निघाली, आणि तिला वाटलं, त्याच इमारतीतल्या दुकानात बांधून घेतलं तर काय बहार येईल!

दुकानात खळीचा वास भरून राहिला होता. साठीच्या मावशी पाटावर बसून एका जाड वहीला टाके घालत होत्या. त्यांनी गठ्ठा घेतला, कडा ठोकून सारख्या केल्या आणि सवयीने पानांचे आकडे तपासू लागल्या. तपासता तपासता मध्येच वाचूही लागल्या.

"घाई आहे जरा, मावशी. उद्या द्यायचाय."

"घाई कुणाला नसते?" मावशी म्हणाल्या. मग त्यांचा हात थांबला. "यातलं एक पान चुकलंय."

"नंबर चुकला का?"

"नंबर बरोबर आहे. पान चुकलंय." त्यांनी कागद वर धरून वाचलं, "'पहिला मजला. खोल्या सहा. सर्व रिकाम्या.' हे तू लिहिलंस?"

"हो, मीच. पाहणी आमच्याच गटाची होती."

मावशी उठल्या. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागावर एक चादर टांगलेली होती. ती त्यांनी अलगद बाजूला केली. कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये, जेमतेम एक माणूस मावेल एवढ्या जागेत, एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. उशाशी इस्पितळाचा निळा गणवेश घडी करून ठेवला होता.

"हळू बोल," मावशी कुजबुजल्या. "रात्रपाळी करून आलीय. ही पहिल्या मजल्यावरची तिसरी खोली."

पट्टीला आधी काही कळलंच नाही.

"दीड महिना झाला. पालिकेची माणसं आली, वरच्या दारांना सील ठोकलं. कागदावर खोल्या रिकाम्या आहेत म्हणे. हिची तेव्हा दिवसपाळी, बोर्ड रंगवणारे दोघे भाऊ कामावर, शेवटच्या खोलीतलं जोडपं कामावर, बाकीचेही कामावर. होते फक्त चष्म्याच्या काचा घासणारे आजोबा; एरवी दुपारी तेही काचा पोचवायला बाहेर असतात. ते ओरडत राहिले, मी आहे ना इथे, मी दिसत नाही का तुम्हाला? साहेब म्हणाले, आजोबा, पाहणी झालीय. सामान आवरायला दोन तास दिले."

"पण... दारं बंद होती, मावशी. मी वाजवली होती."

"बंद होती. रिकामी नव्हती."

"आम्ही तर इमारत वाचवायला आलो होतो!" पट्टी म्हणाली. "दुसरं कुणी आलं असतं तर पाडूनच टाकली असती!"

"खरंय तुझं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच पट्टीला जास्त लागलं. "पाडायला आलेल्याशी भांडता येतं गं. तो शत्रू म्हणूनच येतो. तुमच्याशी कसं भांडायचं? तुम्ही हसत आलात, जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवलात, 'किती गुळगुळीत, किती सुंदर' म्हणालात. मी ऐकलंय इथे बसून. अगं, तो कठडा गुळगुळीत कशाने झाला? सत्तर वर्षं माणसांचे हात लागून! तुम्हाला कठडा हवा, हात नकोत."

मावशींनी पाटावरची जाड वही उचलली.

"मी चाळीस वर्षं जुनी पुस्तकं बांधतेय. पुठ्ठा नवा घालते, पाठ नवी शिवते. पण आतली पानं जुनी झाली म्हणून फेकून दिली, तर त्याला पुस्तक म्हणेल का कुणी?"

बोलण्याने झोपलेली बाई जागी झाली. डोळे चोळत उठून बसली. मावशींनी सांगितलं, "ही कॉलेजची. वरची पाहणी हिने केली."

पट्टीला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! पण बाई ओशाळून म्हणाल्या, "त्या दिवशी टकटक ऐकली होती हो मी. डोळाच उघडेना. वाटलं, वाऱ्याने दार हललं असेल. उठायला हवं होतं मी. माझीच चूक झाली."

माझीच चूक! दीड महिना कागदाच्या गठ्ठ्यांत पाय मुडपून झोपणारी बाई हे म्हणत होती, आणि जिने 'तीन भेटी' असं लिहिलं ती मान वर करू शकत नव्हती.

"नाही हो," पट्टी कशीबशी म्हणाली. "चूक तुमची नाही. मी एकदाच आले होते."

पानं न बांधताच ती कॉलेजात गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "बरं केलंस सांगितलंस. एक तळटीप टाकू या. 'काही खोल्यांच्या वापराबाबत फेरपडताळणी आवश्यक.' समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू."

"सर, सीलं तळटीपेने निघणार नाहीत."

"आणि खोटी नोंद केली म्हणून तुझा प्रकल्प रद्द होईल, त्याचं काय? तुझ्यासकट चौघांचा?"

वक्ता तर भडकलाच. "तुला उपरती व्हायला आजचाच दिवस सापडला? आमचं वर्ष गेलं तर तू भरून देणार आहेस?" घरी वडीलही म्हणाले, "सत्यवादी व्हायचं कंत्राट तुलाच मिळालंय का?" आईने तेवढं विचारलं, "ती बाई आज कुठे झोपली असेल?"

दुसऱ्या दिवशी समारंभाच्या आधी पट्टी नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. हातात लेखी निवेदन होतं.

"तुम्हीच लिहिलंत, आता तुम्हीच फिरवता?" साहेब वैतागले. "आम्ही तुमच्या कागदावर विसंबून कारवाई केली!"

"हो, साहेब. तीन भेटी लिहिल्या, त्या खोट्या आहेत. एकच भेट झाली. खोल्या रिकाम्या आहेत हे मला माहीत नव्हतं, तरी लिहिलं. दोष माझा एकटीचा आहे, गटाचा नाही. पण साहेब, तुम्हीही सील ठोकताना एका जिवंत माणसाला समोर बघितलं होतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग निवेदनावर आवक शिक्का मारून घ्यायला सांगितलं.

गोष्ट इथे गोड झाली असती तर लिहिणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. पारितोषिक काढून घेतलं गेलं. बाकी तिघांना नव्याने काम करायची मुभा मिळाली. पट्टीचं सहामाही सत्र बुडालं. सीलं निघायला आणखी पाच आठवडे गेले. तोवर शेवटच्या खोलीतलं जोडपं दुसऱ्या शहरात निघून गेलं होतं.

फेरपाहणी ठरली, तीही विद्यार्थ्यांनीच करायची होती. पट्टीला तिथे अधिकृत जागा नव्हती, तरी ती रोज जात असे. या वेळी ती सकाळी सातला जाई, दुपारी जाई आणि संध्याकाळी माणसं कामावरून परतली की जाई. तिसऱ्या दिवशी ती एकटीच खोली मोजत असताना टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरलं. वक्ता होता. तो एक शब्दही बोलला नाही. त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

नवा आराखडा तयार झाला, त्यात चित्रदालन नव्हतं. आधी फुटके नळ, मग सामायिक संडास, मग हलणाऱ्या पायऱ्या, आणि शेवटी दगडी कमानी. इस्पितळातल्या बाई आपल्या खोलीत परतल्या.

काचा घासणारे आजोबा मात्र परतले नाहीत. पट्टी त्यांना शोधत शहराबाहेर त्यांच्या पुतण्याच्या घरी गेली. आजोबा खिडकीशी बसले होते, हात मांडीवर रिकामे.

"आजोबा, तुमची खोली उघडलीय. जिनाही नवा होतोय. चला ना परत."

"आता कशाला, पोरी?" ते म्हणाले. "माझं यंत्र त्या दोन तासांत भंगारवाल्याने नेलं. आणि गिऱ्हाईक एकदा दुसरा रस्ता शिकलं की शिकलं. मी तिथे राहत होतो ते काचा घासायला. नुसतं राहायला इथेही चालतं."

"मला माफ करा," ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "माफ केलं. पण विसरू नकोस हं. माफी मिळाली की माणसं विसरतात."

ती विसरली नाही. आणि नागरिकहो, आपणही विसरता कामा नये. शहराचा वारसा दगडांत आहे, हे खरं. पण त्या दगडांना वारसा करतात ती त्यांत राहणारी, राबणारी, थकून झोपणारी माणसं. जुनं जपायला निघालात तर आधी विचारा, इथे कोण आहे? उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारा. आणि तरीही कळलं नाही, तर 'मला माहीत नाही' असं लिहा. त्यात कसलीही लाज नाही. न विचारता लिहिलेल्या एका शब्दाने एखाद्याचं घर जातं. मग चूक सुधारली, दार उघडलं, तरी आतला माणूस परत येईलच, असं नाही.