तालमीत न बोललेलं वाक्य

सकाळी जाग आली की अँब्रोज पेनिफोल्ड आधी डावा पाय पलंगावरून खाली सोडी आणि मग उजवा गुडघा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवी. त्यानंतर खुर्चीच्या पाठीला धरून उभा राही. हॅलिफॅक्समधल्या त्या भाड्याच्या खोलीत चादरींना कोळशाच्या धुराचा वास येत होता आणि तस्तातलं पाणी बोटं बधिर करणारं होतं. दाढी झाल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे आरशात आधी एक, मग दुसरी भुवई उचलून पाहिली. भुवया अजून हुकमात होत्या.

लव्हिनिया, त्याची बायको, त्याच्याच नाटक कंपनीत सासवांची कामं करी. ती त्याच्या गुडघ्याला कापूरतेल चोळत म्हणाली, "आज टेबलाखालून जाऊ नकोस. नुसतं तोंडी सांग. तालीमच आहे ना?"

"तोंडी सांगितलेल्या विनोदाला कोण हसतं?"

"गुडघा मोडला तर सगळे हसतील. तुझं नशीबच तसलं."

घरमालकीण मिसेस हॅल्स्टेड धुरावलेला मासा आणि चहा घेऊन आल्या. "माझी बहीण विचारत होती, मिस्टर पेनिफोल्ड, नव्या नाटकातही तुम्ही पडता ना?"

"पडतो, बाई."

"मग येईल ती. बोलण्यातलं तिला काही कळत नाही."

बहिणीचं चुकत नव्हतं. त्याची सारी कारकीर्द पडण्यावर उभी होती. जिन्यावरून, खिडकीतून, एकदा तर चर्चमधल्या भल्यामोठ्या ऑर्गनच्या आतून तो पडला होता, आणि प्रत्येक वेळी पडण्याआधीचं नाटक त्यानं स्वतःच लिहिलं होतं. हे नवं नाटक त्यानं हिवाळाभर रेल्वेच्या डब्यांत बसून लिहिलं, तेही मुख्य भूमिका दुसऱ्या कुणाला पेलूच नये अशा बेतानं. सोमवारी पहिला प्रयोग होता. ही भूमिका निभावली तर आणखी काही वर्षं तो पेनिफोल्ड राहणार होता. नाही निभावली तर तो संपल्याचं भर प्रेक्षकांत कळणार होतं.

रंगमंचावर गॅसची एकच बत्ती जळत होती. नट ओव्हरकोट घालूनच उभे होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटाची तालीम सुरू झाली. पोलीस टेबलाखाली वाकून पाहतो, त्याच क्षणी घरधनी, म्हणजे पेनिफोल्ड, पोलिसाचंच शिरस्त्राण घालून पलीकडून बाहेर येतो, एवढाच प्रसंग. पोलीस होता रूबेन टास्कर, कंपनीतला दुय्यम विनोदी नट. गेली कित्येक वर्षं हा माणूस अशा प्रसंगांत ठरल्यापेक्षा क्षणभर आधी ताठ होऊन पेनिफोल्डच्या वाट्याचा निम्मा हशा पळवत आला होता. त्यावरून दोघांची भांडणं झाली होती आणि एकदा तर गोंदाची बाटलीही भिरकावली गेली होती.

पेनिफोल्ड टेबलाखाली शिरला. मध्यावर गुडघ्यानं संप पुकारला. फळीवर तळहात टेकून तो तसाच राहिला आणि टास्करच्या ताठ होण्याची वाट पाहू लागला. टास्कर ताठ झाला नाही. त्यानं बुटाची नाडी सोडली, सावकाश पुन्हा बांधली, मग दुसऱ्या बुटाकडे वळला. पेनिफोल्ड बाहेर येऊन उभा राहिला, तेव्हाच त्यानं पाठ सरळ केली.

"नाडी सुटली होती, मालक," तो म्हणाला.

लव्हिनिया आपल्या हातमोज्यांकडे पाहत होती. चोरीला पेनिफोल्ड सरावला होता. हे दान मात्र त्याला सोसवेना.

तिसरा अंक संपला. नाटकाचं शेवटचं, घरधन्याचं वाक्य नेहमीप्रमाणे कुणी बोललं नाही. तालमीत ते उच्चारलं तर नाटक पडतं, हे प्रत्येक नटाला पाळण्यातच ठाऊक असतं. पेनिफोल्डनं तर ते कागदावरही उतरवलं नव्हतं. त्या जागी त्यानं फक्त टाळी वाजवली आणि सगळे पांगले.

टास्कर रंगपटात एकटाच पाईप भरत बसला होता. पेनिफोल्डनं दार लोटून घेतलं.

"घरधन्याची भूमिका तुला किती पाठ आहे?"

"सगळी. तुम्ही ती रोज चुकता, त्यामुळे दोनदा ऐकायला मिळते." मग पाईप खाली ठेवून तो म्हणाला, "मालक, त्या नाडीचं मनावर घेऊ नका."

"नाडी चांगली बांधलीस. पण टेबलाखालून येताना मान आधी काढ, खांदे मागून. आणि माझ्या भुवया करू नकोस, तुझा चेहरा घोड्याचा आहे."

"लोक तुम्हाला बघायला येतात."

"बघतील की. पोलीस मी करतो. त्याला चार वाक्यं आहेत आणि एकदा वाकणं सोडलं तर सबंध नाटकात उभंच राहायचंय. इकडे ये."

तो वाकला आणि टास्करच्या कानात नाटकाचं ते शेवटचं वाक्य बोलला.

टास्कर हसला नाही. "एवढंच?"

"एवढंच. आधी पूर्ण श्वास घे. घाई केलीस तर गेलं."

टास्करनं आवाज न करता, नुसत्या ओठांनी ते म्हणून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्याचे खांदे हलू लागले आणि त्यानं तोंडावर हात दाबला.

पेनिफोल्डनं खुंटीवरचं पोलिसाचं शिरस्त्राण काढून डोक्यावर ठेवलं. ते भुवयांवर उतरलं. त्यानं बाकावरचं जुनं वर्तमानपत्र घेतलं, घडी करून आत कोंबलं आणि पुन्हा घालून पाहिलं. आता ते नीट बसलं.