एकशे एकेचाळिसावी चिठ्ठी

मी सोडतीची पेटी बोलतेय. लाकडी, गोल, दांडा फिरवला की गरगर फिरणारी. शाळेत मी एक दिवसही बसले नाही. पोटातल्या चिठ्ठ्या वाचून वाचून अक्षरं शिकले. म्हणून माझं बोलणं गुळमुळीत नसतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका चर्चच्या सुताराने मला घडवलं. तीस वर्षं मी तिथल्या जत्रेत सोडतीच्या बक्षिसाच्या टर्की कोंबड्या लोकांना वाटल्या. मग चर्चच्या तळघरात चार्टर शाळा आली आणि मी तिच्या वाट्याला आले. ही शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. पण कारभार तिचा तिने बघायचा. बदल्यात पाच वर्षांचा लेखी करार. पोरं शिकली नाहीत, तर दाराला टाळं. आणि अर्ज जास्त आले की पोरं निवडून घ्यायची नाहीत, चिठ्ठ्या काढायच्या. तिथे माझा मान.

गेल्या मार्चमध्ये बालवर्गाच्या जागा होत्या बावीस आणि अर्ज एकशे एकेचाळीस. पुढच्या रांगेत ओपल टिडवेल ही आजी नातीला, जनेसाला, मांडीवर घेऊन बसली होती. निघालेल्या प्रत्येक नावाला ती कागदावर एक रेघ मारत होती.

"मावशी, हा तंबोला नाही," शेजारचा स्टॅन वॉयचिक हसला.

"तंबोल्यात तरी नंबर चुकला तर भांडता येतं, बाबा."

मुख्याध्यापिका रेनाटाबाई नावं वाचत गेल्या. नववा स्टॅनचा मुलगा. एकविसावा, दाराशी ओल्या कोटात उभ्या असलेल्या बाईचा. ती तोंडावर हात धरून हसली. बावीस जागा भरल्या, मग प्रतीक्षायादीही झाली. रेनाटाबाईंनी माझ्यात हात फिरवला आणि म्हणाल्या, "संपल्या."

"नाही संपल्या," ओपल उठली. "माझ्या रेघा एकशे चाळीस. जनेसाचं नाव आलंच नाही."

चिठ्ठी माझ्याकडेच होती, झडपेच्या बिजागरीत अडकलेली. मला कळत होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. बाईंनी टॉर्च लावून ती ओढून काढली, तेव्हा सगळं तळघर एकदम बोलायला लागलं.

"लावा ना तिला यादीच्या शेवटी," स्टॅन म्हणाला. "एका चिठ्ठीपायी आमचं नशीब पुन्हा का घुसळायचं?"

"तुझ्या पोराची जागा मला नको. माझी पोरगी एकदा सगळ्यांबरोबर फिरू तर दे."

बाईंनी मागे पाहिलं. करार देणाऱ्या मंडळाचा निरीक्षक वही उघडून बसला होता आणि करार वर्षभरात संपणार होता.

"चूक आमची, लिहून घ्या," बाई त्याला म्हणाल्या. "सगळ्या चिठ्ठ्या परत आत."

काय फिरले मी त्या दिवशी! एकशे एकेचाळीस पोरं पोटात खळखळत होती. जनेसाला पुढे ढकलावं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण ते माझ्या हातात नसतं, आणि नसावंच.

बारावी चिठ्ठी जनेसाची. ओपलने कागदावर ती रेघ दोनदा गिरवली. स्टॅनचा मुलगा या खेपेला पाचवा. "मावशी, अशाच मोजत जा," म्हणत त्याने तिची पाठ थोपटली.

ओल्या कोटातल्या बाईचा मुलगा शहाण्णवावा. ती कुणाशी भांडली नाही. बटणं लावली आणि जिना चढून गेली.

आता माझी बिजागरी नवी आहे. शाळेचा करारही वाढला. चूक लपवली नाही, हेही त्या वहीत लिहिलं होतं म्हणे. दर मार्चला मला पुसतात, मी अजून तेवढ्याच उमेदीने फिरते. पण लोकहो, टर्की नशिबावर मिळावी, शाळा नाही. गल्लीगल्लीतली प्रत्येक शाळा अशी करा, की माझ्यात चिठ्ठी टाकायला कुणी येऊच नये. मग मला खुशाल चुलीत घाला, हसत जळेन.