आ कर, ढोल्या!

मी एक जुना पाणघोडा आहे. याच बागेतल्या हौदात जन्मलो आणि इथेच म्हातारा झालो. लोक मला आळशी म्हणतात. म्हणोत बापडे! पण मित्रांनो, सध्या मी फार संतापलो आहे आणि हा राग मी मुळीच गिळणार नाही.

काका म्हणजे माझे रखवालदार. रोज सकाळी ते लोखंडी कठड्यावर ठक ठक करीत आणि म्हणत, "आ कर, ढोल्या!" मी जबडा उघडायचो. ते दात, हिरड्या नीट पाहत आणि शाबासकी म्हणून कलिंगडाची फोड आत टाकत. लहानपणापासून मला एवढेच ठाऊक, की ठक ठक झाले की आ करायचे.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत बागेत तोबा गर्दी उसळली. एका टोपीवाल्या गृहस्थांनी आमचा हा रिवाज पाहिला. काकांची पाठ वळताच त्यांनी हातातली सरबताची काचेची बाटली कठड्यावर वाजवली. मी आपला भाबडेपणाने आ केला.

"बघितलंस? माझंसुद्धा ऐकतो!"

"अहो, पुरे आता," त्यांची बायको म्हणाली.

"अगं, गंमत तर बघ!" असे म्हणत त्यांनी ती रिकामी बाटली माझ्या तोंडात भिरकावली. मी दचकून जबडा मिटला आणि बाटली फुटली.

"बाबा, त्याला लागलं!" त्यांची मुलगी रडू लागली.

"एवढं धूड ते, त्याला काय होतंय? चल, माकडं बघू."

काय होतंय म्हणे! धुडाची हिरडी काय दगडाची असते? काच आत रुतली ती रुतलीच. गृहस्थ मात्र माकडांना हसत घरी गेले असतील.

आता जखम चिघळली आहे. डॉक्टरीणबाई काकांना म्हणाल्या, "या वयात भूल देता येणार नाही. यानं स्वतःहून तोंड उघडलं, तरच काच निघेल. नाहीतर हा वाचायचा नाही."

काका रोज येतात. ठक ठक करतात. "आ कर रे राजा, एकदाच," म्हणत कलिंगडाची फोड पुढे धरतात. मला आ करायचे असते हो! पण तो आवाज आला की जबडा आपोआप आवळला जातो. आणि दिवसभर येणारेजाणारे अजून कठडा वाजवतातच, कोणी छत्रीने, कोणी अंगठीने!

मित्रांनो, बागेत खुशाल या, सावलीत बसा, मला पोटभर बघा. पण तो कठडा वाजवू नका. ठक ठक म्हणजे फक्त काका, हे मला पुन्हा खरे वाटू द्या. तेवढे झाले तर मी तोंड उघडेन.