खाणीतली किंकाळी

भूल देणाऱ्या डॉक्टरांचा धंदाच मुळी समोरच्याला गप्प करण्याचा. ऑपरेशन थिएटरात किंवा घरात, त्यांनी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. अशा माणसाला त्याचे तीन जिवलग मित्र ‘भोंगा’ म्हणत.

हे नाव एका सिनेमाच्या पार्कात पडलं होतं. कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात चौघं तिथे गेले होते. खाणीतल्या राक्षसाचा एक सिनेमा त्या वर्षी तुफान चालला होता. पार्कवाल्यांनी तशीच खोटी खाण उभारून तिच्यात रुळांवरून डबे सोडले होते. शेवटच्या वळणावर मिट्ट काळोखात राक्षस छतावरून अंगावर येई. तो आला, आणि डब्यातून एक किंकाळी उठली. उजेडात येताक्षणी वकील (तेव्हा तो वकील नव्हता, पण लक्षणं होती) डॉक्टरांकडे बोट रोखून ओरडला, “काय भोंगा वाजवलास रे!”

किंकाळी डॉक्टरांनीही ऐकली होती, पण ती कुणाची हे त्यांना कळलं नव्हतं. डोळे गच्च मिटलेले, कानात स्वतःचंच रक्त धडधडत होतं. वकील म्हणतोय म्हणजे ओरडलोच असू, असं म्हणून ते ओशाळं हसले. आरोपीने कबुली दिल्यावर खटला चालवायच्या भानगडीत कोण पडतं?

मग नाव पसरलं. वकील हॉस्पिटलात फोन करून “भोंगा आहे का?” विचारायचा, त्यामुळे आधी नर्सना आणि मग सर्जनला कळलं. एकदा टेबलावरच्या पेशंटने, अर्धवट गुंगीत, “भोंगा डॉक्टर आपणच का?” असं अदबीने विचारलं. डॉक्टरांनी त्याचा डोस किंचित लवकर दिला, एवढंच.

इतकी वर्षं हे निभलं असतं, पण मुलीचं लग्न ठरलं. होणाऱ्या विहीणबाई कडक. त्यांनी पहिल्या भेटीत चहाच्या कपाची खालची बाजूही पाहिली होती. डॉक्टरांच्या बायकोने नवऱ्याला समोर बसवलं.

“तुमच्या त्या तिघांना सांगा. भर मांडवात कुणी भोंगा म्हणालं, तर पोरीला जन्मभर भोंग्याची मुलगी म्हणून ऐकावं लागेल.”

“सांगतो.”

“सांगतो नाही. एक तर ते नाव बंद, नाहीतर ते तिघं बंद.”

डॉक्टरांनी मित्रांना सांगितलं. ठेकेदार खो खो हसला. लग्नाचा हॉल त्याचाच होता, त्यामुळे तो सध्या सगळ्याच गोष्टींना मालकासारखा हसे. कॉलेजात शिकवणारा मास्तर म्हणाला, “नावं अशी अर्ज करून जात नसतात, लेका.” वकिलाने मात्र तोडगा काढला. जिथे नाव पडलं तिथेच जायचं, त्याच डब्यात बसायचं, आणि डॉक्टरांनी तोंडातून आवाज काढला नाही तर नाव कायमचं रद्द.

“अंधारात कोण ओरडलं हे ठरवणार कसं?” मास्तरने विचारलं.

“तोंडात पाणी धरायचं,” वकील म्हणाला. “बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर थुंकून दाखवायचं. पाणी गेलं की केस गेली.”

एवढी अचूक अट स्वतःच का घातली, याचं आश्चर्य वाटायला नको. वकिलाने तो किस्सा इतक्या मैफिलींत रंगवून सांगितला होता की आपली बाजू त्याला स्वतःलाच पटली होती. या व्यवसायात असं होतं.

पार्क आता मरायला टेकला होता. ज्या सिनेमावर खाण बांधली तो रांगेतल्या एकाही पोराने पाहिलेला नव्हता. भिंतीवरच्या पोस्टरातल्या नायिकेचं नाक ओलीने फुगलं होतं. गाडीतून उतरल्यापासून वकिलाची टकळी चालू होती.

“भोंग्या, डायपर घातलायस ना?”

“भोंग्या, नाडी बघू. अरे, आहे अजून!”

“शेवटचं म्हणून घेऊ दे रे त्याला,” ठेकेदार म्हणाला आणि स्वतःही दोनदा म्हणून घेतलं.

डब्यात बसले तेही पूर्वीसारखेच, म्हणजे पुढे डॉक्टर आणि वकील, मागे ठेकेदार आणि मास्तर. डॉक्टरांनी बाटली तोंडाला लावली आणि गाल टम्म फुगवले. दांडी लावायला आलेल्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग इतर तिघांकडे, आणि काही न विचारता बटण दाबलं.

आत ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. डबा कण्हत चढला, हिसके खात उतरला. डॉक्टर नाकाने श्वास घेत होते, सावकाश, मोजून. पेशंटला जसा घ्यायला लावत तसाच. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. शेवटचं वळण आलं आणि दिवे गेले. वरून राक्षस निघाला. त्याला बहुधा संधिवात झाला होता, कारण अर्ध्या वाटेवर तो कुरकुरून थांबला, आणि मग जे काही सुटलं ते एकदम धाडकन वकिलाच्या डोक्यावर आलं.

किंकाळी उठली.

ती सुरुवातीला बारीक होती. मग मध्येच चिरली आणि वर चढत गेली. डॉक्टरांनी ती ताबडतोब ओळखली. ती विसरण्यासारखी नव्हतीच. आजवर ती आपली समजून त्यांनी सांभाळली होती. आता त्यांनी जीभ हलवून पाहिली. पाणी जागच्या जागी होतं. आणि माणसांचे श्वास ऐकण्यात तयार झालेल्या त्यांच्या कानाने सांगितलं की आवाज उजवीकडून, हातभर अंतरावरून आला.

डबा उजेडात आला.

“वाजला!” वकील टाळी पिटत म्हणाला. चेहरा पांढराफटक होता, पण सवय दांडगी. “वाजला की नाही भोंगा?”

ठेकेदाराने हसायला तोंड उघडलं, डॉक्टरांचे गाल पाहिले आणि ते मिटलं. डॉक्टर शांतपणे खाली उतरले, गटारापाशी गेले आणि पाणी सोडलं. ते बराच वेळ पडत राहिलं.

“निम्मं गिळलं असणार,” वकील म्हणाला.

“म्हणजे गिळून ओरडलो, आणि ओरडून पुन्हा भरून घेतलं?”

“शक्यता नाकारता येत नाही.”

“गप रे,” मास्तर वैतागला. “तूच ओरडलास. तेव्हाही तूच होतास.”

डॉक्टरांनी मास्तरकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मागेच तर बसलो होतो. याच्याही कानात दडे बसले होते.” ठेकेदार स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

“मग बोलला का नाहीत?”

“अरे, तूच लगेच हो म्हणालास! आणि वकिलाला भोंगा म्हटलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं का? तू घेतोस. माणूस बघूनच नाव ठेवतात.”

मास्तर हे अगदी मनापासून, वर्गात समजावून सांगावं तसं बोलला. त्यात वाईट काय हे त्याला खरंच दिसत नव्हतं.

“बरं बाबा, जिंकलास,” वकील खांद्यावर हात टाकत म्हणाला. “लग्नात शब्द काढणार नाही. खूश?”

डॉक्टरांनी तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला केला. “लग्नाला तू नाहीयेस.”

“भोंग्या, डोकं फिरलं का तुझं?” वकील म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं, आणि ते त्याला कळलंही नाही.

“तुम्ही दोघंही नाही आहात.”

“अरे, पण हॉल माझा आहे!” ठेकेदार म्हणाला.

“ते लक्षात आहे.”

पण आले होते सगळे डॉक्टरांच्या गाडीतून आणि पार्काला दुसरं वाहन येत नव्हतं. चौघं गाडीकडे निघाले. वकील पुढे बसायला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्या सीटवर आपली बॅग ठेवली. मग तिघं मागे दाटीवाटीने, एकमेकांच्या मांड्या टाळत बसले. गाडी हायवेला लागली तोच फोन वाजला, आणि बायकोचा आवाज गाडीभर घुमला.

“काय म्हणाली तुमची रत्नं? कबूल झाले का? तो वकील तर मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. आणि मास्तर, फुकटचं जेवण म्हटलं की सगळ्यात आधी हजर. ठेकेदाराचं तर बोलूच नका, हॉल काय देतोय, जशी किडनीच देतोय!”

फोन स्पीकरवर आहे हे सांगायची संधी डॉक्टरांना प्रत्येक वाक्यानंतर होती. त्यांनी ती घेतली नाही. तिला नीट, पोटभर बोलू दिलं.

“हॅलो? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” डॉक्टर म्हणाले. “पाहुण्यांत तिघं कमी कर. आणि उद्यापासून दुसरा हॉल शोधू.”

मागे कुणीतरी घसा खाकरला. डॉक्टरांनी आरसा जरा वर केला, म्हणजे मागचं दिसणार नाही. घर अजून बरंच लांब होतं.