मामीसाठी पाव

माझी बायको सुभद्रा गेली त्याला एकवीस दिवस झाले. तिची आई भागीरथा आमच्याच घरी राहते, अकोटला. मी तिला मामी म्हणतो. वय ब्याऐंशी, तोंडात एक दात नाही. तेरवीनंतरही तीन दिवस ती भाताची पेज घेत होती, मग तीही सोडली. पाच दिवसांपासून नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, आज काही पोटात गेलं नाही तर अकोल्याला भरती करा.

"मले उचलून नेलं त वाटेतच जीव देईन," मामी म्हणाली.

आम्हाला मूलबाळ नाही. मामी गेली की सुभद्राचं नाव घेणारं घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी उरत नाही.

मामीला एकच गोष्ट मनापासून आवडायची. सुभद्रा कुकरात पाव करायची, तो दुधात कुस्करून. मामीच्या गळ्यात माळ आहे. बेकरीच्या पावात खमीर असतं, त्याला दारूचा वास येतो, असं तिचं म्हणणं. म्हणून सुभद्रा दही आणि खायचा सोडा घालून करायची. मी तो कितीदा खाल्ला, पण कसा करते ते कधी विचारलं नाही.

सकाळी मीच करायला बसलो. मला रोडगे येतात, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे कणकेचे घट्ट गोळे. आमच्याकडे शेतातल्या जेवणाचे रोडगे गडीमाणसंच करतात, शंभर माणसांची कणीक मी तिंबली आहे. तशीच ही तिंबली, अर्धा तास. घट्ट गोळा ओल्या फडक्याखाली तासभर ठेवला. कुकरातून दगड निघाला. मामीनं तो बोटानं वाजवून पाहिला.

"जवाईबापू, हे खायचं हाय का कोनाच्या डोक्शात हानायचं हाय?"

पाच दिवसांत ती एवढं बोलली नव्हती. मला वाटलं, जमेल.

शेजारची निखत सुभद्राजवळ शिवण शिकायला यायची. तिला बोलावलं. तिनं तो गोळा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काका, तुमी रोडगे करून राहिले का? याले तिंबत नसतात. दही पडलं का सोडा फसफसते, तेवढ्यात कुकरात गेलं पायजे. तुमी त हो त्याले तासभर झोपवून ठेवलं!"

"तुले तिनं शिकवलं का?"

"शिकवलं कुठं? काकू बोलत राहायची, हात चालत राहायचा. मी पाहात बसायची."

ती सांगत गेली, मी करत गेलो. कणकेत सोडा, मीठ, चिमूटभर साखर. वरून आंबट दही. चमच्यानं चार वेळा फिरवलं, पीठ सैलच ठेवलं, लगेच तेल लावलेल्या डब्यात ओतलं. कुकरात तळाशी मीठ, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली. मंद आचेवर पाऊण तास. काडी खुपसली, ती कोरडी निघाली.

वास आला तशी मामी उठून बसली. मी वाटीत दूध घेऊन पाव कुस्करला आणि समोर ठेवला. तिनं बोटानं थोडासा उचलून तोंडात घातला. बराच वेळ तोंडातच धरला. मी आणि निखत पाहत होतो.

"तिच्यावानीच झाला," मामी म्हणाली.

निखत हसली. मीही हसलो असेन. मामीनं तो घास हातावर काढला आणि पदराला पुसला.

"म्हनजे तिच्यावाचून बी होते," ती म्हणाली.

"मामी, तसं नाही. एक घास घ्या."

"तुमी खाल्ला का?"

मी उचलला. गिळता आला नाही. तिनं वाटी माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"न्या मले अकोल्याले. कुठंबी न्या."

निखत गाडी पाहायला गेली. मी मामीला उचललं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.